सात इंच, आतून मोजलेले

मी एक जुनं चाक आहे, मोटारीचं. मित्रांनो, ‘जुनं’ म्हटल्याबरोबर तुमच्या चेहऱ्यावर जी दया दिसायला लागते ना, ती आधी आवरा. मला ती नको आहे. माझी रुंदी सात इंच आहे आणि आजवर मी कधी साडेसात असल्याचा आव आणलेला नाही. ज्याला स्वतःबद्दल इतकं ठामपणे सांगता येतं, त्यानं मान खाली घालून आपली कहाणी का सांगावी?

चाक म्हटलं की तुम्हाला काळं रबर आठवतं. तो टायर. तो चार वर्षांत झिजतो आणि जातो. मी त्याच्या आतला धातूचा गोल आहे, ज्यावर तो बसतो. माझ्या अंगावर आतापर्यंत दोन टायर बसले आणि उतरले. एकाशीही माझं वाजलं नाही.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम साच्यात ओतलं, थंड केलं, घासूनपुसून गुळगुळीत केलं आणि आम्ही पाच भावंडं एका रांगेत उभी राहिलो. चार गाडीला लावायची आणि पाचवं स्टेपनी म्हणून डिकीत ठेवायचं. तिथल्या तपासनीस बाई मोठ्या कडक होत्या. त्यांनी आम्हाला आतून मोजलं, बाहेरून न्याहाळलं, ठोकून आवाज ऐकला आणि मगच पुढे सोडलं. आम्ही पाचही सात इंच रुंद होतो. पुढच्यांसाठी वेगळं माप आणि मागच्यांसाठी वेगळं, असा भेद आमच्यात नव्हता. प्रत्येकाच्या पाठीवर, गाडीच्या आतल्या बाजूला, सातचा आकडा कोरलेला होता. ती जागा शोभेची नाही, त्यामुळे तिकडे सहसा कुणी बघत नाही.

आमची गाडी दोन दारांची, बुटकी आणि चपळ. इंजिन पुढे, पण जोर मागच्या चाकांना. म्हणजे मागचे दोघे ढकलणार आणि पुढचे दोघे वळवणार. ब्रेक दाबला की सगळा भार पुढच्यांच्या छातीवर येतो. कामं वेगळी असली तरी आमच्यात मोठेपणाचा प्रश्न कधी आला नाही, कारण दर दहा हजार किलोमीटरला आमच्या जागा बदलत. पुढचे मागे जात, मागचे पुढे येत. त्यामुळे सगळ्यांचे टायर सारखे झिजायचे आणि कुणाला कुणाचा हेवा वाटायचा नाही.

पहिल्या मालकाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. त्यानं गाडी घेतली आणि झाकून ठेवली. खरं आयुष्य सुरू झालं ते ताईनं गाडी विकत घेतल्यावर. ताई मुलांना पोहायला शिकवते. तिचा तलाव घरापासून बावीस किलोमीटरवर, आणि पहिली बॅच पहाटे साडेपाचची. त्या बॅचला सगळी पाण्याला घाबरणारी पोरं. ती बॅच ताईनं हट्टानं मागून घेतली होती. पोहता येणाऱ्याला कुणीही शिकवेल, असं ती म्हणायची.

घरात तिघं जण. ताई, तिचा धाकटा भाऊ आणि त्यांची आत्या. धाकटा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो. आत्यानं चाळीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले. शिवणयंत्र बंद झालं तरी तिच्या गळ्यातली मापाची पट्टी काही उतरली नाही. गाडी घरी आली तेव्हा आत्यानं नाक मुरडलं होतं. या डबीत माझे गुडघे कुठे ठेवू, असं तिनं विचारलं होतं. पण गाडी रोजच्या वापराची होती. ताईचा तलाव, आत्याची दुखणी, घरातलं सामान, सगळं तीच वाहायची. महिन्याभरात पुढची सीट आत्याचीच झाली आणि पाठ टेकायचा कोन कुणी बदलला तर ती बोलून दाखवायला लागली.

आमचा रस्ता एका मोठ्या तळ्याच्या काठानं जातो. त्यावर नऊ वळणं आहेत. सातव्या वळणावर डोंगरातून पाणी झिरपतं आणि बारा महिने रस्त्यावरून वाहत असतं. सहा वर्षं आम्ही त्या वळणावरून रोज दोनदा गेलो. ताई वळणाआधी वेग कमी करायची, मग स्टिअरिंग हलकेच फिरवायची आणि आम्ही चौघं मिळून वळायचो. त्या क्षणी ती स्वतःशीच हसायची. मला तिचं तोंड दिसत नाही, पण स्टिअरिंगवरचा हात सैल पडलेला मला कळतो. सुट्टीच्या दिवशी ती जुना दातांचा ब्रश घेऊन आमच्या फटींमधली माती काढायची. अशा बाईसाठी अंग झिजवायला कुणाला वाईट वाटेल?

आता ज्या गोष्टीनं माझं डोकं फिरलं ती सांगतो.

ताईचा वाढदिवस जवळ आला होता. धाकट्याच्या एका मित्राकडे दोन रुंद चाकं पडून होती, नवीन टायर चढवलेली, तयार. नऊ इंची. गाडीच्या मागे ती लावली की गाडी कशी दणकट दिसेल, हे धाकट्याच्या डोक्यात बसलं. पोरगं वाईट नाही हो. बहिणीवर त्याचा जीव आहे. पण हौस अंगात आली की त्याला पुढचं मागचं दिसत नाही. एके दिवशी ताई घरात झोपलेली असताना तो गुपचूप पट्टी घेऊन आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. मी तेव्हा पुढे डावीकडे होतो. त्यानं पट्टी माझ्या एका बाहेरच्या काठापासून दुसऱ्या बाहेरच्या काठापर्यंत धरली आणि तळहातावर पेनानं लिहिलं, आठ.

आठ! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अरे, काठांची जाडी माझ्या रुंदीत कुणी धरली होती आजवर? टायर बसतो आत, त्याची कड टेकते ती जागा आत, रुंदी मोजायची ती तिथे. पण टायर चढलेला असताना ती जागा दिसत नाही, आणि पाठीवरचा आकडा बघायला हा खाली वाकला नाही. त्यानं मनातल्या मनात हिशेब केला: आहेत आठ, लावायची नऊ, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच वाढणार, कुठेही घासायचं नाही. खरा फरक दोन इंचांचा होता. हे मी त्याला ओरडून सांगितलं असतं, पण चाकाला तोंड नाही.

वाढदिवसाच्या सकाळी मागची माझी दोन भावंडं उतरली आणि ते दोन फुगीर पाहुणे चढले. ताईला खरोखर आनंद झाला. तिनं धाकट्याला जवळ घेतलं, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. माझी भावंडं गॅरेजच्या कोपऱ्यात एकावर एक पडली आणि आत्यानं त्यांच्यावर कोरफडीची कुंडी ठेवली. पाहुण्यांच्या अंगावर कोरे टायर, आमच्या अंगावर अर्धे झिजलेले जुने. सगळे लोक मागून गाडीकडे बघायचे. पुढून कुणी येईना.

आठ दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. मागे तलावावरची दोन मुलं बसवली की टायर मडगार्डला घासायचा आणि रबर जळल्याचा वास सुटायचा. स्प्रिंग बसल्या असतील, असं धाकटा म्हणाला. पंक्चर झालं तर डिकीतलं पाचवं भावंड मागे शोभणार नव्हतं, पुढचं मागे करायची सोयही संपली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाडीचं नाक वळेना. मागचे दोघे रस्ता इतका घट्ट धरायचे आणि मागून इतकं ढकलायचे की मी वळायला निघालो तरी गाडी सरळच जाऊ बघायची. ताईला ते जाणवत होतं. हल्ली आपलंच लक्ष नसतं, असं तिनं आत्याला सांगितलं. स्वतःला दोष द्यायची तिला भारी घाई.

मग ती सकाळ आली. सातवं वळण, वाहतं पाणी, गाडीचा वेग नेहमीचाच. ताईनं स्टिअरिंग फिरवलं, मी फिरलो, आणि माझ्या टायरखाली रस्ताच लागला नाही. मागून ढकलणं चालूच. गाडी वळण सोडून सरळ कडेच्या खडीत घुसली. मी कडेच्या दगडावर आपटलो, माझी कड वाकली, आणि गाडी थांबली. पाणी तिथून दहा-बारा हात खाली होतं. ताईला खरचटलंसुद्धा नाही. पण ती पुढे तलावाकडे गेली नाही. तिकडे टोप्या घातलेली पोरं तिची वाट बघत होती. तिनं फोन करून त्यांना घरी पाठवायला सांगितलं.

घरी आल्यावर धाकट्यानं मला बघितलं आणि निकाल दिला. पुढची चाकं बारीक आहेत, जुनी आहेत, म्हणून गाडी वळली नाही. ही भंगारात घालू आणि पुढेही रुंद आणू. मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ खड्डे खाल्लेत, पण एवढा दणका कुठल्याच खड्ड्यानं दिला नव्हता. सहा वर्षं मी तिला वळवलं, आणि दोन आठवड्यांच्या पाहुण्यांपायी बारीक मी ठरलो! मी बारीक झालो नव्हतो. मी होतो तेवढाच होतो.

ताईनं मात्र पुढे-मागे काहीच बदलायला नकार दिला. तिला नवी चाकं नको होती, तिला गाडीच नको होती. ती पहाटे चार वीसची बस पकडून, मध्ये एकदा बदलून, तलावावर जायला लागली. बस कधी वेळेवर यायची, कधी नाही. दोन आठवड्यांत तीनदा पोरं काठावर कुडकुडत बसली. तलावाच्या व्यवस्थापकांनी तिला सौम्य शब्दांत सांगितलं की महिनाअखेरपर्यंत जमत नसेल तर पहाटेची बॅच दुसऱ्यांना देऊ, तुम्ही दुपारची घ्या. तिनं आत्याला सगळं सांगितलं. रोज घाबरणाऱ्या पोरांना पाण्यात उतरवते आणि स्वतः त्या वळणाला घाबरते, ही गोष्ट तिला फार लागली होती. तरीही तिनं गाडी विकायची जाहिरात दिली. रविवारी दहा वाजता एक गिऱ्हाईक येणार ठरलं. गाडी गेली की ती बॅच गेली, हे घरातल्या तिघांनाही माहीत होतं. मलाही.

वाकलेल्या कडेतून हवा जायची म्हणून टायरवाल्या काकांनी माझा टायर उतरवला होता आणि माझ्या जागी पाचवं भावंड लावलं होतं. मी उघडाबोडका गॅरेजमध्ये पडून होतो. शुक्रवारी संध्याकाळी गिऱ्हाइकाचा फोन आला. त्याला पुढच्या आणि मागच्या चाकांची रुंदी हवी होती. धाकटा पट्टी घेऊन माझ्यापाशी आला आणि पुन्हा तेच, या काठापासून त्या काठापर्यंत. आत्या तिथेच कुंडीला पाणी घालत होती. ती थांबून बघायला लागली. टायर नेमका कुठे बसतो, असं तिनं विचारलं. धाकट्यानं आतली खाच दाखवली.

“मग बाहेरून कसलं माप घेतोस?” आत्या म्हणाली. “शिवणीत जाणारं कापड छातीच्या मापात धरलं असतं, तर अख्खी शाळा ढगळ गणवेश घालून हिंडली असती.”

तिनं गळ्यातली पट्टी काढली, गुडघ्यांवर हात टेकत खाली बसली आणि माझ्या आत, टायरची कड टेकते तिथे पट्टी लावली. सात. तिनं परत मोजलं. सातच. मग तिनं मला उलटं केलं, पाणी लावून पाठ पुसली आणि बोट ठेवून धाकट्याला वाचायला सांगितलं. दिवसभर लोकांना भिंतीवरचे आकडे वाचायला लावणाऱ्या त्या माणसाला माझ्या पाठीवरचा आकडा वाचताना घाम फुटला. तो तसाच गाडीखाली आडवा झाला आणि रुंद चाकाची पाठ बघून आला. तिथे नऊ कोरलेलं होतं, आतून मोजलेलं. आमच्यात किती फरक आहे हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

ताईला त्यानंच जाऊन सांगितलं. आत्या मध्ये पडली नाही. ताईला गॅरेजमध्ये आणून, माझ्यावर पट्टी धरून, आपण कुठे मोजलं आणि कुठे मोजायला हवं होतं हे त्यानं दाखवलं. मी दिलेल्या भेटीनं तुला पाण्यात घातलं असतं, असं तो म्हणाला. ताईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे बघत होती.

“म्हणजे त्या दिवशी चूक माझी नव्हती?” तिनं विचारलं.

तिच्या आवाजात राग नव्हता. एक महिना कुणी तरी छातीवर पाय देऊन उभं असावं आणि आता उतरावं, तसा तो आवाज होता. मग राग आला. सावकाश आला आणि चांगला आला. धाकट्याच्या पाठीत एक धपाटा बसला आणि तो त्यानं मुकाट्यानं घेतला. मला तर वाटलं, अजून एक माझ्यातर्फे द्यावा.

शनिवारी सकाळी सगळी वरात टायरवाल्या काकांकडे. काका बोलायला लागले की हातातला पाना खाली ठेवत नाहीत, त्यामुळे सगळे जरा लांब उभे राहतात. त्यांनी धाकट्याची हजेरी घेतली. चाक निवडताना आधी गाडी बघायची, मग रस्ता बघायचा, मग गाडीत कोण कोण बसतं ते बघायचं. त्यावरून टायर ठरवायचा आणि टायरला शोभेल ते चाक घ्यायचं. तुम्ही आधी मागून फोटो कसा दिसेल ते ठरवलंत आणि मग गाडीला विचारलंत, असं ते म्हणाले. ज्या गाडीच्या इंजिनात दांडगा जोर असतो तिला मागे रुंद लागतं, नाही तर मागची चाकं जागच्या जागी घसरतात. तुमची गाडी रोज पोहायला जाते. तिला जोर सांभाळायचा नाही, वळण सांभाळायचंय. मागे अर्धा इंच जास्त घेतलंत तर चालेल, चारही साडेसात किंवा आठ घेतलीत तरी चालेल. पण पाण्यातून जायचं असेल तर उगाच रुंदीच्या मागे लागू नका, आणि पुढच्याला उपाशी ठेवून मागच्याला जेवू घालू नका.

अपराधी वाटत असल्यामुळे धाकटा लगेच चार नवी चाकं घ्यायला निघाला. ताईनं त्याला थांबवलं. तिनं काकांना विचारलं की जुन्या सातांवर चार कोरे, एका मापाचे टायर चढवले तर काय बिघडेल. काही बिघडणार नाही, काका म्हणाले, उलट जागा बदलता येतील. ताई म्हणाली, मग हेच. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती गाडीसाठी काही ठरवत होती.

कुंडीखालची भावंडं निघाली, त्यांना साबण लागला. माझी कड काकांनी गरम करून सरळ केली. कुठे चीर आहे का ते त्यांनी भिंगातून पाहिलं. नव्हती. तरी त्यांनी निर्णय दिला की हा आता रोज रस्त्यावर नको, स्टेपनी म्हणून राहू दे. मला ते अजिबात पटलं नाही. सरळ केलंत ना? चीर नाही ना? मग? पण काकांशी वाद घालायची सोय नव्हती. मला टायर चढवून डिकीत झोपवलं. पाचव्या भावंडानं सहा वर्षं अंधारात काढली होती, आता त्याची पाळी होती. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

रविवारी पहाटे ताईनं गाडी काढली. गिऱ्हाईक दहाला येणार होतं आणि फोन करून त्याला येऊ नका असं तिनं अजून सांगितलेलं नव्हतं. एकटीच निघाली होती, पण आत्या आधीच पुढच्या सीटवर जाऊन बसली होती. तुला भीती वाटत नाही का, असं ताईनं विचारलं. वाटते की, आत्या म्हणाली, म्हणून तर बसले. तू एकटी घाबरून काय करशील?

डिकीत काही दिसत नाही. मी वळणं मोजत होतो. एक, दोन, तीन. चौथ्याला ताईनं वेग नको इतका कमी केला. पाचव्याला तितका नाही. सहावं गेलं. खालून पाण्याचा आवाज यायला लागला, तळाच्या पत्र्यावर शिंतोडे बसायला लागले. ताईनं नेहमीच्या जागी ब्रेक दाबला, सोडला, आणि स्टिअरिंग फिरवलं. मी डाव्या भिंतीला टेकलो. टेकलेलाच राहिलो, सगळं वळणभर, एकसारखा. कुठे धक्का नाही, कुठे घसरणं नाही. मग माझं अंग हळूहळू पुन्हा मधोमध आलं. गाडी वळली होती. आता माझी भावंडं वळवत होती आणि मी नुसता टेकलो होतो, तरी माझा जीव भांड्यात पडला.

पुढे जाऊन ताईनं गाडी फिरवली आणि त्याच वळणावरून परत आली. मग पुन्हा फिरवली. तिसऱ्या वेळी आत्या म्हणाली की आता मला मळमळतंय, पुरे. ताईनं गाडी कडेला घेतली आणि गिऱ्हाइकाला फोन लावला. त्याला झोपेतून उठवल्याबद्दल तिनं माफीसुद्धा मागितली नाही.

“गाडी विकायची नाही,” ती म्हणाली. “मागची रुंद चाकं आवडली असतील तर ती घेऊन जा. तेवढीच आहेत विकायला.”

सोमवारी साडेपाचला ती तलावावर हजर होती. पोरं होतीच.

मित्रांनो, अशा कहाण्यांच्या शेवटी वस्तू हात जोडते आणि मला सांभाळा म्हणून विनवते. मी विनवणार नाही, बजावणार आहे. महिन्यातून एकदा चाकांची हवा बघा, आणि बघताना स्टेपनीची विसरू नका. कुणाला बारीक, जाड, जुनं म्हणायच्या आधी खाली वाका आणि त्याच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचा. चौघांतल्या दोघांना नटवून उरलेल्या दोघांकडून कामाची अपेक्षा करू नका. आणि डिकीत पडलाय म्हणून कुणाला निवृत्त समजू नका. या गाडीची चारही चाकं एका मापाची आहेत. पुढचं जाऊ दे, मागचं जाऊ दे, डावं जाऊ दे नाही तर उजवं, भर पावसात कुठेही गाडी थांबू दे. झाकण उघडा आणि मला लावा. मी येतो.